परतलेल्या मुलाचा पहिला दिवस

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात हजेरी चटकन उरकते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांतून माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, तर कुणी थेट बेळगावपर्यंत. त्यांच्याबरोबर मुलंही जातात. गुरुजी नाव पुकारतात, वर्गातलं दुसरंच कुणीतरी सांगतं, "कारखान्याला गेला सर," आणि पुढचं नाव येतं.

'शिक्षक आणि विश्वास' हा विषय संपादकांनी मागच्या वर्षी पावसाळा सरता सरताच कानावर घातला होता, त्यामुळे तोडीचा एक अख्खा हंगाम पाहता आला. शिक्षकांवर लिहिताना आपण बहुधा वर्गातल्या कौशल्याविषयी लिहितो. मला मात्र जिथे वर्षातले पाच-सहा महिने मूलच वर्गात नसतं, तिथे जायचं होतं. विद्यार्थ्याचा शिक्षकावरचा विश्वास तो समोर बसलेला असताना तयार होतो, हे खरं. पण तो दूर असताना शिक्षक काय करतात यावर तो टिकतो. आणि टिकला की नाही, हे मूल परत येतं त्या दिवशी कळतं. हे मला एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत दिसलं. पहिली ते पाचवीची शाळा, दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड, मागे खिचडी शिजवायची शेड. एक सर, एक बाई. गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे देत नाही, कारण यात मुलांच्या घरच्या गोष्टी आहेत.

उचल घेण्याआधी

ऊसतोडीचा व्यवहार उचलीवर चालतो. कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून जोडप्याकडे आगाऊ पैसे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल पुढे ऊस तोडून फेडायची. एखादा दिवस काम चुकलं की खाडा धरला जातो आणि तो हिशोबातून कापला जातो. म्हणजे गावाकडे लेकरू तापाने फणफणलं, तरी आईला उठून येता येत नाही.

मुलांना सोबत का नेतात, याचं उत्तर या हिशोबात आहे. पहाटे अंधारात फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री बाराला आली तर बाराला भरायची. मागे कोपीवर, म्हणजे झोपडीवर, तान्हं मूल असतं, भांडी असतात, पाणी आणायचं असतं. आठ-दहा वर्षांची मुलगी हे सगळं बघते. मुलगे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतात, जनावरं बघतात. आईबापांना शाळेचं महत्त्व कळत नाही असं शहरात सहज बोललं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. गावात ज्यांच्याशी बोलले, त्या प्रत्येक आईला पोराच्या हातात कोयता नको होता. पण पोराला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न होता आणि तो खराच आहे.

म्हणून शाळेतले सर दिवाळीची वाट बघत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात समजूत काढायला जाणारा शिक्षक उशीर करतो, असं त्यांचं म्हणणं. बोलणं सुरू करायचं ते पोळा झाला की. तेव्हा गाड्यांची डागडुजी सुरू होते, मुकादमांच्या चकरा वाढतात, कोण कुठल्या टोळीत याच्या गप्पा पारावर रंगतात. पैसे हातात पडायच्या आधी लेकरांचं बोलणं झालं, तर कुटुंब आजीला गावात ठेवायचा विचार करतं. नंतर बोलाल तर आजीसुद्धा टोळीबरोबर जायची ठरलेली असते, कारण कोपीवर स्वयंपाकाला कुणीतरी लागतं.

म्हातारीचे प्रश्न

सर आणि बाई संध्याकाळी घरोघर जातात. मी त्यांच्याबरोबर फिरले. पहिल्या घरी शाळेचा विषयच निघाला नाही. सरांनी शेळीचं विचारलं, कापसाचं विचारलं, चहा घेतला, उठले. रस्त्यात मी विचारलं तर म्हणाले, "आज नुसतं बसायचं होतं. काम असलं की येतो, असं त्यांना वाटू नये." दुसऱ्या घरी भाकरी-पिठलं समोर आलं आणि बाई जेवल्या. वस्तीतल्या ज्या घरात गावातले काही लोक आजही पाणी पीत नाहीत, त्या घरात त्या जेवल्या. त्या घरची चौथीतली मुलगी दारात उभी राहून बाईंच्या ताटाकडे बघत होती.

खरी परीक्षा म्हाताऱ्या घेतात. मूल मागे राहणार तर सांभाळायचं त्यांनाच. एका आजीने बाईंना समोर बसवून एकेक विचारलं. रात्री ताप आला तर? पोरगं ऐकेनासं झालं तर मी म्हातारी काय करू? रेशनचं धान्य पुरलं नाही तर? मोठीला न्हाण आलं आणि तिची माय इथं नसली तर? बाईंनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, आणि जिथे उत्तर नव्हतं तिथे नाही म्हणून सांगितलं. "दवाखान्यात मी नेईन, दिवसा कधीही बोलवा. रात्री मी गावात नसते आजी, ते खोटं कशाला बोलू? रात्रीसाठी शेजारच्या आशाताईंशी बोलून ठेवते. मोठीचं मात्र माझ्यावर सोडा."

ती आजी लगेच हो म्हणाली नाही. पण पुढच्या खेपेला तिने बाईंना घरात बोलावून कणगी दाखवली. किती धान्य आहे, किती दिवस पुरेल, ते बघा म्हणाली.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृह योजना आहे. नावात वसतिगृह असलं, तरी या गावात स्वतंत्र इमारत नाही. मुलं सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात, अभ्यास करतात आणि रात्री आजीकडे किंवा चुलत्याकडे झोपायला जातात. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते, गावातल्याच दोन बायका स्वयंपाक करतात. अनुदान वेळेवर आलं नाही, तर किराणा दुकानात शाळेच्या नावाने उधारी चालते आणि दुकानदार सरांच्या तोंडाकडे बघून थांबतो. योजनेच्या कागदावर हे कुठेच नोंदलं जात नाही. संध्याकाळचं जेवण एक दिवस जरी चुकलं, तरी ती बातमी रात्रीच्या आत फडावर पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी चुलता मुलाला घेऊन एसटीत बसवतो. अनुदानाचा उशीर हा वरच्या कार्यालयात हिशोबाचा विषय असतो. गावात तो सरांच्या शब्दाचा विषय होतो.

फोनवर तक्रार नाही

आठवड्यातून एकदा मुलांचं आईबापांशी फोनवर बोलणं होतं. वेळ टोळीच्या सोयीने ठरते. बहुतेक वेळा मुकादमाचा किंवा ट्रॅक्टरवाल्याचा मोठा फोन असतो, त्यावर व्हिडिओ लागतो. मुलं रांगेत बसतात. मी पाहिलं ते असं, की पहिलं मिनिटभर कुणी बोलतच नाही. आई नुसती बघते. मग विचारते, "जेवला का?" मूल मान हलवतं. मग बाई मध्ये पडतात: "वहिनी, यानं आज पाढा म्हटला बघा सतराचा. म्हण रे." मूल पाढा म्हणतं आणि मागे उसाच्या फडात उभे असलेले चार-पाच जण ऐकतात.

या फोनसाठी दोघा शिक्षकांनी एक नियम घालून घेतला आहे. फोनवर तक्रार करायची नाही. मुलाने दंगा केला असेल, पुस्तक फाडलं असेल, शेजारच्याचं डोकं फोडलं असेल, तरी ते शाळेत निस्तरायचं. तीनशे किलोमीटरवर कोयता चालवणाऱ्या आईला ते सांगून तिच्या हाती काय लागणार? ती रात्रभर जागेल, एवढंच. मुलांना हा नियम कुणी सांगितलेला नाही, पण त्यांनी तो ओळखला आहे. पाचवीतल्या एका मुलाने मला सांगितलं, "म्याडम माझं नाव सांगत नाहीत." तो ते अभिमानाने सांगत होता. वर्गातला सगळ्यात खोडकर मुलगा तो, आणि बाईंचा निरोप घेऊन कुठेही धावतो तोही तोच.

कोसबाडची वाट

शाळेने मुलाकडे जायचं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 1945 साली ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डीला आल्या तेव्हा त्यांच्या गाठीशी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला केलेलं बालशिक्षणाचं मोठं काम होतं. मुंबईत राहून नाव आणि संस्था दोन्ही सांभाळता आल्या असत्या. बोर्डीत त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडी वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं. तिथली मुलं गुरं चारायला जायची, शाळेच्या वेळेला ती रानात असायची. मग शिक्षकच पाटी-खडू घेऊन कुरणात गेले. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत, अशी ती कुरणशाळा.

त्या काळात मुलांना न्हाऊमाखू घालणं, नखं कापणं, केस विंचरणं, हे शिक्षकाचं काम मानलं गेलं. आज कुणी म्हणेल, हे शिकवणं नव्हे. मला वाटतं, ज्या मुलाच्या अंगाला शाळेतल्या माणसाचा हात फक्त मारण्यासाठी लागला आहे, त्याच्यासाठी डोक्याला तेल लावणारा हात हा शाळेचा पहिला धडा असतो. अनुताई 1992 मध्ये गेल्या. तोवर कोसबाड हेच त्यांचं घर होतं. बोर्डीला आलेल्या बाई परत जाणार नाहीत, हे वारली आईबापांना कळायला जी वर्षं लागली असतील, ती त्यांनी देऊ केली.

परतीचा दिवस

गाळप संपत येतं तसे मार्चपासून ट्रक गावात परतू लागतात. काहींचं परतणं एप्रिलवर जातं. भांडी, कोंबड्या, गाठोडी, त्यावर बसलेली मुलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत येतात, पण आत येत नाहीत. फाटकाशी उभी राहतात.

आधी एका वेगळ्या शाळेत पाहिलेलं सांगते. परतलेला एक मुलगा वर्गात शिरला आणि गुरुजी हसून म्हणाले, "या पाहुणे, आठवण झाली का?" वर्ग हसला. गुरुजींच्या मनात वाईट काही नसावं. मुलगाही हसला. मग त्यांनी त्याला पुस्तक देऊन वाचायला उभं केलं. अक्षरं लागेनात. वर्ग पुन्हा हसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बहीणही आली नाही.

आमच्या लिंबाच्या शाळेत त्या दिवसाची तयारी आधीपासून होती. गेलेल्या मुलांची नावं पटावरून कमी केली नव्हती, हे तर कायद्याने आणि नियमाने करायचंच. जाताना त्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, म्हणजे तिकडे जवळच्या शाळेत बसता यावं. पण बाई आणखी एक करत होत्या. सहामाहीनंतर वर्गात काही वाटलं गेलं, वह्या, चित्रांची पुस्तकं, सव्वीस जानेवारीचा खाऊ सोडून इतर काहीही, तर गेलेल्या मुलांचा वाटा कपाटात नावानिशी ठेवला जायचा. परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काही विचारलं गेलं नाही. त्याला त्याचं पुडकं मिळालं. एका मुलीने ते उघडलं नाही, दिवसभर मांडीवर घेऊन बसली.

मग सरांनी फळ्यावर लिहिलं: भरलेली गाडी 25 टन 400 किलो, रिकामी गाडी 9 टन 150 किलो. ऊस किती? गावात राहिलेली मुलं वहीत मांडणी करू लागली. परतलेला चौथीतला मुलगा, ज्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती, बसल्या जागेवरून म्हणाला, "सोळा टन अडीचशे." वजनकाट्यावर बापाच्या शेजारी उभं राहून त्याने कित्येक पावत्या पाहिल्या होत्या. सरांनी त्याला विचारलं, काटा म्हणजे नेमकं काय, खेप कशी मोजतात, पावतीवर काय काय असतं. तो सांगत गेला आणि सर फळ्यावर लिहीत गेले. बेळगावकडून आलेल्या दुसऱ्या मुलाने पाण्याला नीरू आणि जेवणाला ऊटा म्हणतात हे सगळ्या वर्गाला शिकवलं. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत सगळे 'ऊटा, ऊटा' ओरडत होते.

हे पाहताना मला शिक्षणशास्त्रातले मोठे शब्द आठवले नाहीत. सहा महिने हे मूल कुठेतरी काहीतरी शिकत होतं, हे शिक्षकाने गृहीत धरलं आणि ते मुलाला कळलं. त्यानंतर त्याला जोडाक्षरं येत नाहीत हे सांगायला सोपं झालं. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्यानुसार मुलाला वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं शिकायला खास मदत द्यायची. ती मदत म्हणजे इथे शाळा सुटल्यावरचा तास. तो मुलगा स्वतःहून थांबला. पहिले काही दिवस सरांनी त्याला मोठ्याने वाचायला लावलंच नाही, सर वाचायचे आणि तो बोट फिरवायचा.

त्याच कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घालतं. छडी बऱ्याच शाळांतून गेली आहे, हे समाधानाचं. टोमणा मात्र अजून शिक्षा मानला जात नाही. या शाळेतल्या सरांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मुलाला चोरीच्या संशयावरून गालावर मारलं होतं. नंतर कळलं की त्याने चोरी केली नव्हती. सरांनी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. त्या काळात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना बजावलं होतं की असं केल्याने वचक जातो. सर म्हणाले, "वचक गेला. पण त्या वर्षापासून पोरं खरं सांगायला लागली."

सांगितलेली गोष्ट

खरं सांगायला लागलेली मुलं शिक्षकाला पेचातही टाकतात. जवळच्या माध्यमिक शाळेतल्या एका मुलीने तिच्या बाईंना दप्तर भरता भरता सांगितलं की तिचं लग्न ठरतंय. आठवीतली मुलगी. या पट्ट्यात हे घडतं, त्यामागे कारणं आहेत. वयात आलेल्या मुलीला गावात एकटी ठेवायची भीती, फडावर न्यायची त्याहून जास्त भीती, आणि लग्न झालं की जोडप्याचा एक कोयता होतो, उचल मिळते.

मुलगी म्हणाली, कुणाला सांगू नका. इथे हो म्हणणं सोपं होतं, आणि पुष्कळ चांगल्या मनाची माणसं हो म्हणतात. या बाईंनी नाही म्हटलं. "हे मला सांगावं लागणार. पण कुणाला सांगणार, कधी सांगणार, ते आधी तुला सांगते. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही." खेड्यात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, हे त्यांनी तिला समजावलं. पुढे काय काय होऊ शकतं, घरी कोण ओरडेल, तेही सांगितलं. मुलगी रडली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, आधी आईशी बोला.

बाई आईशी बोलल्या, मग ग्रामसेवक घरी गेले, लग्न थांबलं. मुलगी आता वसतिगृहात राहून शिकते. तिचे वडील बाईंशी अजून बोलत नाहीत. मुलगी बोलते. गुपित राखायचं खोटं वचन दिलं असतं आणि नंतर पोलीस दारात आले असते, तरी लग्न कदाचित थांबलंच असतं. पण मग त्या मुलीने पुन्हा कुठल्याही मोठ्या माणसाला काही सांगितलं असतं, असं मला वाटत नाही.

वर्गातल्या विश्वासातून मुलगी काय बोलू शकते, याचं एक जुनं उदाहरण आहे. 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली ही मुलगी धर्माला आणि समाजाला जाब विचारते. सावित्रीबाईंच्या शाळेविषयी आपण बोलतो तेव्हा त्यांच्यावर फेकलेल्या शेणाच्या गोळ्यांविषयी बोलतो. मला तो निबंध त्याहून मोठा वाटतो. एवढं बोलायचं बळ त्या वर्गात कुणीतरी तिला दिलं होतं.

बदली

या सगळ्याला एक मोठी अडचण आहे आणि ती कुठल्याही शिक्षकाच्या हातात नाही. उन्हाळ्यात सरांची बदली झाली. ते स्वतः लांबच्या तालुक्यातले, घरी आईवडील थकलेले. त्यांनी मागितलेलीच बदली होती आणि ती मागायचा त्यांना पूर्ण हक्क होता. गावाने शाळेला कुलूप लावायची भाषा केली. सरांनी समजूत काढली.

त्यांनी एक जाड वही मागे ठेवली. मुलांच्या गुणांची नोंद तर सरकारी रकान्यांत असतेच. या वहीत प्रत्येक मुलाला एक पान होतं. कुठली टोळी, कुठला कारखाना, मुकादमाचा नंबर, ट्रॅक्टरवाल्याचा नंबर. खाली सरांच्या अक्षरात दोन-चार ओळी. हिला विजांची भीती वाटते, पावसात शेजारी बसवा. याला आई फोनवर दिसली की जेवण जात नाही, फोनच्या आधी जेवू घाला. याला भाऊ होता, त्याचं नाव काढू नका, तो स्वतः काढेल.

एवढ्यावर भागणार नाही हे सरांना माहीत होतं. वहीतला विश्वास वहीबरोबर सोपवता येत नाही, घरोघर पुन्हा बसावंच लागतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ते नव्या गुरुजींना घेऊन वस्तीत फिरले. नवे गुरुजी तरुण आहेत, लातूरकडचे, पहिलीच नेमणूक. कणगी दाखवणाऱ्या आजीने त्यांना खाटेवर बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रात्री ताप आला तर?

नवे गुरुजी गोंधळले. जुने सर काही बोलले नाहीत. "मला आत्ता सांगता येत नाही आजी," गुरुजी म्हणाले, "विचारून येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकलवरून आरोग्य उपकेंद्रात गेले, नर्सबाईंचा नंबर आणि त्या कुठल्या दिवशी मुक्कामी असतात ते लिहून घेतलं आणि चिठ्ठी म्हातारीच्या हातात नेऊन दिली. तिला वाचता येत नाही. तिने नातवाला हाक मारली, त्याच्याकडून ती दोनदा वाचून घेतली, आणि मग पुढचा प्रश्न विचारला.